हक्कसोडपत्राचं शेवटचं पान

“सर्व्हर बंद आहे. बाहेर बसा.”

खिडकीमागचा कारकून त्या सकाळी हे चौथ्यांदा म्हणाला आणि मी चौथ्यांदा बाकावर येऊन बसले. दारावर ‘दुय्यम निबंधक’ अशी पाटी होती. आत दोन पंखे, त्यातला एकच फिरणारा, आणि घर घेणारे, घर विकणारे, लग्न नोंदवायला आलेलं एक जोडपं धरून पन्नासेक माणसं. शुक्रवार होता. बँकेनं आम्हाला दिलेल्या कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत त्याच दिवशी संपत होती. सोमवारपासून पुन्हा नवा अर्ज, नवी तपासणी, महिनाभराचे हेलपाटे. तेवढं थांबायला विलास पायगुडे तयार नव्हता. त्यानं तोंडावर सांगितलं होतं, “मॅडम, शुक्रवारी झालं तर घर तुमचं. शनिवारी दुसरी पार्टी उभी आहे.”

घर म्हणजे मंगळवार पेठेत, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट नाही. खाली एका बाजूला भंगारवाला, दुसऱ्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग विकणारा. बुधवारी आणि रविवारी बाजार भरला की जिन्यापर्यंत जुन्या टेपरेकॉर्डरांची आणि पितळी नळांची दुकानं. माझ्या नणंदेनं जागा पाहिली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, “वहिनी, इथं माणसं राहतात का गं?” मी म्हटलं, “राहतात. आम्ही राहणार आहोत.”

पण मी त्या गल्लीकडे तीन वर्षं डोळा ठेवून होते. कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता बंद होऊन तिथं औषधांचं दुकान आलं. रस्ता सिमेंटचा झाला. मग एका वास्तुविशारदानं भंगाराचं गोदाम घेऊन त्यात कचेरी थाटली, काचेचं दार लावून. मेट्रो येणार असं सगळे म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. मी हसत नव्हते. मी स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, तिथून हे घर पायी वीस मिनिटं. दहा वर्षांत आम्ही सात भाड्याची घरं बदलली होती. दर अकरा महिन्यांनी करार, आणि एक-दोन करार झाले की मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरायचं आणि आम्हाला जागा खाली करावी लागायची. आताच्या घराची मुदत एकतीस तारखेला संपत होती. आमची भांडी खोक्यांत गेली होती आणि जुई, माझी सहा वर्षांची लेक, रोज विचारत होती की नव्या घरात तिचा पलंग कुठं लावायचा.

नवरा, नंदकिशोर, बँकेत धनाकर्ष, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, आणायला गेला होता. विलास आणि आमचा एजंट बोराटे, दोघं आवारात टायपिस्टच्या टेबलाशी कागदांवर वाकलेले. त्या दिवशी दोन दस्त व्हायचे होते. फ्लॅट विलासच्या मयत आईच्या नावावर होता आणि वारस दोन, तो आणि त्याची बहीण. आधी बहिणीनं हक्कसोडपत्र करून द्यायचं, मग विलासनं आम्हाला खरेदीखत. बहिणीबद्दल मी बोराटेला पूर्वीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, “तिचं काही नाही हो. साडी घेतलीय. सही करून जाईल.”

मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी स्वतः माझ्या भावाला अशीच सही दिली होती. काठपदराची साडी मिळाली, आईनं ओटी भरली, वहिनीनं पुरणपोळी केली, आणि मी परतीच्या बसमध्ये झोपले.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. पन्नाशीच्या पुढची, नऊवार नव्हे पण जुन्या पद्धतीनं नेसलेली सहावारी, मांडीवर कापडी पिशवी. मी तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली आणि मग घेतलं. आता मी गप्प बसणाऱ्यातली नाही. आनंदात तर मुळीच नाही.

“घर घेतोय आम्ही,” मी म्हटलं. “पहिलंच.”

“हो का? कुठं?”

“मंगळवार पेठेत. जुन्या बाजाराच्या मागं. पुष्पक अपार्टमेंट म्हणून आहे.”

तिनं बाटलीचं झाकण लावलं. “कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या. चढायला त्रास आहे, पण उजेड काय सांगू! सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं. मी ओटा फिरवून घेणार आहे. फरशा जुन्या आहेत, त्या ठेवणार. आजकाल तसल्या फरशा मिळत नाहीत.”

“आणि मोरीजवळच्या खोलीचं काय करणार?”

“ती भिंत पाडणार. फार अंधारी आहे. पाडली की हॉल केवढा मोठा होईल!”

“कोणाकडनं घेताय?”

“विलास पायगुडे म्हणून आहेत. आई वारली त्यांची दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून बंदच आहे घर.” मग मी माझं नाव सांगितलं, वृषाली घारे. कुठं काम करते ते सांगितलं. जुईचं सांगितलं. किंमतसुद्धा सांगून टाकली, बाजारभावापेक्षा कमी पडली या फुशारकीत.

बाई बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत होती. तिथं मुद्रांक शुल्काचा तक्ता लावलेला होता. मला वाटलं, वाचतेय.

“तुम्ही कशाला आलात?” मी विचारलं.

“भावानं बोलावलंय. सासवडवरनं आले सकाळच्या गाडीनं. आईच्या घराच्या कागदावर नाव बदलायचंय म्हणाला. लाइटबिलाला अडचण येते म्हणे.” ती हळू आणि सरळ बोलत होती. “पाच वर्षं मी होते आईपाशी. अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं मीच केलं. मग ती गेली नि कुलूप लागलं. तेव्हापासनं गेले नाही मी आत.”

“नीट वाचून सही करा हं,” मी म्हटलं. “भाऊ असला तरी. वाचल्याशिवाय कुठं सही करायची नाही.”

परक्या बाईला सल्ला द्यायला काय जातं!

ती माझ्याकडे वळली आणि काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात दारातून बोराटेचा आवाज आला, “सर्व्हर आला! पायगुडे पार्टी, चला! रत्नमाला जगताप!” आणि त्याच्या मागून विलास, हातात एका साडीच्या दुकानाची चकचकीत पिशवी घेऊन. “आक्का, ऊठ. आपला नंबर.”

माझ्या शेजारची बाई उठली.

मी तशीच बसून राहिले. मोरीजवळच्या खोलीबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कुठं लक्षात आलं. ती विलासच्या मागून फोटोच्या खिडकीकडे गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

विलास परत माझ्याकडे आला. आम्ही बोललोय हे त्याला कळलं नव्हतं. “ती माझी बहीण,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तिच्याशी फार बोलू नका मॅडम. साधी आहे. उगाच डोक्यात गोंधळ व्हायचा.”

“त्यांना माहीत आहे ना, विक्री आहे ते?”

“सांगू की. एकदा व्यवहार होऊ द्या. घरचीच आहे ती.”

“पण—”

“मॅडम,” तो हसला, “तुम्हाला घर पाहिजे ना?”

मला घर पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं की मी पुढचं वाक्य गिळून टाकलं. मी तिला आधीच सगळं सांगून बसलेय, हेही त्याला सांगितलं नाही. मनात एकच चाललं होतं, आता ही काय करेल? बोलली तर आमचं संपलं. नाही बोलली तर... त्याच्यापुढं मी विचार करत नव्हते. नाही बोलली तर घर माझं, एवढंच.

नंदू आला. घामानं शर्ट भिजलेला, पण धनाकर्षाचं पाकीट छातीशी धरलेलं. “झालं?” त्यानं विचारलं.

बोराटे आम्हा दोघांना ओढतच बाहेर टायपिस्टच्या टेबलाशी घेऊन गेला. “एक अडचण आलीय. ओळखदार पाहिजेत दोन. माझा नेहमीचा माणूस आज गावाला गेलाय जत्रेला. तुम्ही दोघं सह्या करा.”

“आम्ही?” नंदू म्हणाला. “आम्ही तर घेणारे.”

“खरेदीखतात हो. हक्कसोडपत्रात तुम्ही कोणी नाही. इथं कोणीही चालतं. रस्त्यावरचा माणूस आणतो मी एरवी.”

त्यानं दस्ताचं शेवटचं पान टेबलावर उघडून ठेवलं. ज्याला अशा कचेरीत जावं लागलं आहे त्याला ते वाक्य पाठ असेल. खाली सही करणारे इसम असं निवेदन करतात की, ते दस्त करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवतात. त्याखाली दोन रेघा.

नंदूनं खिशातून पेन काढलं आणि पहिली सही करून मोकळा झाला. पेन माझ्याकडे दिलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“काय वाचतेस? कर ना,” तो म्हणाला.

मी त्याला जरा बाजूला घेतलं. “नंदू, तिला माहीत नाही रे. लाइटबिलाचं नाव बदलायचंय असं सांगून आणलंय तिला.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तिनंच. बाकावर. मला माहीत नव्हतं ती कोण ते.”

त्यानं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. नंदू वाईट माणूस नाही. दोन रुपये जास्त आले तर दुकानदाराला परत द्यायला जाणारा माणूस आहे. “आपण आणलं का तिला?” तो म्हणाला. “त्यांच्या घरातलं ते बघतील. आत साहेब विचारतीलच की तिला. नको असेल तर नाही म्हणेल.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“तर आपलं नशीब.”

“नंदू, या कागदावर लिहिलंय की मी तिला ओळखते.”

“मग? ओळखत नाहीस ना? मग कसलं मनाला लावून घेतेस? फॉर्मालिटी आहे ती.”

तिथंच तर सगळं अडत होतं. त्या आवारात दिवसभर किती जणांनी त्या वाक्याखाली सह्या केल्या असतील, एकानंही समोरच्या माणसाशी चार शब्द बोललेले नसतील. मी मात्र त्या बाईला ओळखत होते. अर्ध्या तासापासून. ती सासवडहून कुठल्या गाडीनं आली, तिनं आईचं काय काय केलं, तिला काय सांगून आणलं, सगळं मला ठाऊक होतं. त्या दिवशीची सगळ्यात खरी ओळखदार मी होते.

बोराटे घड्याळ दाखवत म्हणाला, “मॅडम, सर्व्हर पुन्हा गेला तर मी जबाबदार नाही.”

मला खोक्यांत भरलेली भांडी दिसली. जुईचा पलंग दिसला. स्वयंपाकघरात येणारं ऊन दिसलं. मी सही केली. अक्षर माझं शाळेपासून वळणदार आहे, आणि घाईतही ते बिघडत नाही. वृ. नं. घारे, खाली पूर्ण नाव, खाली तारीख. बोराटेनं पानावर फुंकर घातली आणि आत पळाला.

आम्ही मागोमाग गेलो. साहेबांच्या टेबलापुढं विलास उभा होता, त्याच्या पुढं खुर्चीवर रत्नमालाबाई. साडीची पिशवी विलासनं टेबलाच्या पायाशी टेकवून ठेवली होती. बोराटेनं दस्त ठेवला आणि शेवटून दुसरं पान उघडलं. विलास वाकून बोट ठेवत म्हणाला, “इथं कर सही, आक्का. आणि मग ह्या पानावर अंगठा.” त्यानं शेवटचं पान उलटलं.

ती त्या पानाकडे पाहत राहिली. खूप वेळ. ओठ हलत होते, म्हणजे वाचत होती. मग तिनं मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. खोलीत एवढी माणसं, पण तिनं मला लगेच हेरलं. मी नजर वळवली, तक्त्याकडे, पंख्याकडे, कुठंही. मी मनात म्हणत होते, करून टाक बाई. करून टाक सही.

साहेब थकलेले होते. संगणकावरून डोळे न काढता त्यांनी नेहमीचं विचारलं, “करून देणार तुम्हीच ना? मजकूर मान्य आहे?”

तिनं पेन उचललं आणि हातातच धरलं.

“मान्य आहे साहेब,” विलास म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं. मावशी, मान्य आहे का?”

“हे कशाचे कागद आहेत, साहेब?”

आता साहेबांनी संगणकावरून नजर काढली. “वाचले नाहीत? हक्कसोडपत्र आहे. आईच्या फ्लॅटमधला तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही भावाला सोडून देताय. बिनमोबदला.”

“म्हणजे मग तो ते घर विकू शकतो?”

“विकू शकतो की.”

“आज?”

“आक्का!” विलासचा आवाज चढला. “काय लावलंयस? तुला कोणी भरवलं हे?”

तिनं हात वर केला आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्या बाईंनी सांगितलं. घर ह्या घेतायत म्हणे. मोरीजवळची भिंत पाडणार आहेत. तिथं माझी न् आईची खाट असायची.”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विलासनं पाहिलं, बोराटेनं पाहिलं, लग्न नोंदवायला आलेल्या जोडप्यानंसुद्धा पाहिलं. नंदूचं तोंड उघडंच राहिलं होतं.

“ऐक माझं,” विलास तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. तो गोड बोलायचा प्रयत्न करत होता, पण दात आवळलेले होते. “तू माझी एकुलती एक बहीण. तुला मी कधी काही कमी केलंय का? दिवाळीला येतेस, ताट वाढून मिळतं. आज सही नाही केलीस तर माहेर तुटलं समज. पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही.”

तिनं पेनाला टोपण लावलं. घाई न करता, नीट दाबून. “माहेर तर तूच विकायला काढलंस, विलास,” ती म्हणाली.

साहेबांनी दस्त मिटला आणि आमच्याकडे सरकवला. “करून देणार राजी नाहीत. पुढचा नंबर.”

एवढ्यावर संपलं सगळं. सात घरं, तीन वर्षांचा डोळा, सकाळचं ऊन, पाच मिनिटांत.

बाहेर आवारात विलास माझ्या अंगावर धावून आला. “तुम्हाला सांगितलं होतं बोलू नका! आमच्या घरात आग लावलीत. आता बघतोच तुम्हाला हे घर कसं मिळतं ते!” नंदू मध्ये पडला. विलासनं शिव्या घातल्या, साडीची पिशवी उचलली आणि मोटरसायकलला अडकवून निघून गेला. बहिणीला स्टँडवर सोडायचंही त्याला सुचलं नाही.

ती फाटकाशी उभी होती. मी पुढं गेले, कारण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

“तुमचं घर गेलं माझ्यापायी,” ती म्हणाली.

“जाऊ द्या,” मी म्हटलं. मला वाईट वाटत होतं, पण तिच्यासाठी नव्हे.

“तुमचे उपकार झाले, वृषालीबाई.”

कसले उपकार, तुम्ही कोण हे माहीत असतं तर मी एक अक्षर काढलं नसतं, असं म्हणायला हवं होतं. ते म्हटलं नाही. तिनं माझा फोन नंबर मागितला, तो दिला, आणि तिला स्वारगेटच्या रिक्षात बसवून दिलं.

घरी जाताना नंदू स्कूटर चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता म्हणाला, “आधी तिला सांगितलंस. मग सही केलीस. तुला नेमकं पाहिजे काय होतं?” सिग्नल सुटला आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढं त्या सहीचा विषय त्यानं कधीच काढला नाही, माझ्यापाशी नाही आणि दुसऱ्या कोणापाशीही नाही.

बाकीची गोष्ट मात्र पसरली. नणंदेनं ती सगळ्या नातेवाइकांत नेली. आमच्या वहिनीनं एका अनोळखी बाईवर अन्याय होऊ नये म्हणून हातात आलेलं घर सोडलं, अशी. लॅबमध्ये कळलं, तिथं साहेबांनी मला चहा पाजला. जुईच्या शाळेत ‘माझी आई’ या निबंधात ते आलं. मी पहिल्यांदा म्हणायची, “तसं नव्हतं हो काही.” लोकांना तो माझा विनय वाटायचा. काही वर्षांनी मी तेही म्हणायचं सोडून दिलं.

आठव्या भाड्याच्या घरात आम्ही अकरा महिने काढले. मग धायरीला एक फ्लॅट मिळाला, दवाखान्यापासून दीड तासावर. पायगुड्यांची कोर्टकचेरी तीन वर्षं चालली आणि शेवटी विलासनं तडजोड केली. घर दुसऱ्या कोणीतरी आम्हाला ठरलेल्या किमतीच्या दुप्पट देऊन घेतलं. रत्नाताईंच्या हातात अर्धे आले. त्यांनी सासवडला गच्चीसकट दोन खोल्या बांधल्या. मंगळवार पेठेत मेट्रो खरोखर आली. त्या गल्लीत आता कॉफीचं दुकान आहे म्हणतात. मी तिकडून जात नाही.

रत्नाताई मात्र दर वैशाखात यायच्या. सासवडहून दोन गाड्या बदलून, गच्चीवर वाळवलेल्या गव्हाच्या कुरडया स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून. चहा घ्यायच्या, तासभर बसायच्या, जुईची विचारपूस करायच्या, निघायच्या. त्यांचं येणं म्हणजे मला वर्षातून एकदा भोगायची शिक्षा होती. त्या गेल्यावर मी त्या कुरडया तळायची, सगळे खायचे, मी खात नसे. पित्त होतं म्हणून सांगायची.

गेल्या वर्षी त्या आल्या तेव्हा जुई घरी होती. कॉलेजला निघायच्या गडबडीत दारात चपला घालता घालता म्हणाली, “रत्नामावशी, आईनं तुमच्यासाठी घर सोडलं ना? मी मैत्रिणींना सांगते नेहमी.”

“हो बाई,” रत्नाताई म्हणाल्या. “तिच्यामुळंच झालं सगळं.”

दार लागलं. मी गॅस बंद केला. चहा अर्धा उकळलेला तसाच राहिला.

“रत्नाताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. फार वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.” मी त्यांच्याकडे वळले. “तुम्ही मला समजता तशी मी नाही. बाकावर मी जे बोलले ते तुम्ही कोण हे माहीत नव्हतं म्हणून. नंतर कळलं, आणि कळल्यावर मी... त्या कागदावर—”

“सही केलीत,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या पानावर.”

मी ओट्यावरचं पातेलं उगाच बाजूला सरकवलं.

“माहितीये मला. विलासनं पान उलटलं तेव्हाच दिसली. तुम्ही नाव सांगितलं होतंत ना बाकावर. छान अक्षर आहे तुमचं.” त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या, तेच मला सोसवत नव्हतं. “वर लिहिलेलं पण वाचलं मी. व्यक्तिशः ओळखतात म्हणून.”

“मग तुम्ही इतकी वर्षं...”

“मी गप्पच बसणार होते हो,” त्या म्हणाल्या. “बाकावरनं उठले तेव्हाच ठरवलं होतं. भावासमोर तोंड उघडायची मला सवय नव्हती. म्हटलं, आपण कशाला? ही बाई बोलेल. शिकलेली आहे, मला वाचून सही करा म्हणाली, ही काही उगी बसायची नाही. खुर्चीवर बसून मी तुमचीच वाट बघत होते. आता बोलेल, मग बोलेल.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मग ते पान आलं पुढं. तुमचं नाव बघितलं नि कळलं, ह्या खोलीत माझ्या बाजूनं बोलणारं कोणी नाही. मग मीच बोलले. जन्मात पहिल्यांदा.”

मला रडू फुटलं. थांबवायचा प्रयत्न केला नाही.

“म्हणून पोरीला सांगितलं ते खोटं नाही,” त्या उठत म्हणाल्या. “तुमच्यामुळंच झालं. डबा तेवढा रिकामा करून द्या, चारची गाडी आहे.”

मी कुरडया परातीत काढल्या, डबा धुतला, पुसला. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, मूठभर साखर तरी घालतात. मी फडताळ उघडलं, साखर काढली, मग गूळ काढला, मग दोन्ही परत ठेवलं; मूठभर गोडानं हे फिटणारं नव्हतं. त्या दारात चपला घालून उभ्या होत्या. मी डबा तसाच त्यांच्या पिशवीत ठेवला आणि त्यांना सोडायला खाली बस स्टॉपपर्यंत गेले.